आधी हवा ठरवा, मग पंख

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कादंबरीत परग्रहावरची एक बुद्धिमान जमात आहे, कीटकासारखी, उडणारी. उंची माणसाएवढी, पंख चार, पाय सहा. ग्रहाबद्दल एकच ओळ लिहिली आहे: ‘गुरुत्व कमी, ऑक्सिजन भरपूर’. हे वाचकाला पटेल का, ही जमात तिथे घडली कशी असेल आणि शेवटच्या भागात ती पृथ्वीवर उतरते तेव्हा तिचं काय होईल, असं तुम्ही विचारलं आहे.

मी तीसेक वर्षं कॉलेजात कीटकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर विज्ञानकथा लिहिणारी मुलं-मुली हस्तलिखितं घेऊन घरी यायला लागली. त्यांच्यात एक गोष्ट हमखास दिसते. प्राण्याचं चित्र आधीच तयार असतं, मुखपृष्ठावर शोभेल असं, आणि मग त्याच्या अंगावर ग्रह शिवायला घेतात. माप न घेता शिवलेला सदरा कुठेतरी उसवतोच. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. हवा किती दाट, तिच्यात काय किती, आणि ती खाली किती जोराने ओढली जाते, एवढं पक्कं केलंत की अंग, आयुष्य आणि निम्मा समाजसुद्धा त्यातून आपोआप निघतो.

तुमची जमात पृथ्वीवर का उडणार नाही, ते आधी बघू. प्राणी दुप्पट लांब झाला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट, म्हणजे पंखावरचा भार दुप्पट. आजचे सगळ्यात वजनदार कीटक मोठ्या लिंबाएवढे भरतात. न्यूझीलंडचा जायंट वेटा ७१ ग्रॅमपर्यंत नोंदला गेला आहे, आणि त्याला पंखच नाहीत. यावर लगेच कोणीतरी मेगॅन्यूराचं नाव काढतं. फ्रान्समधल्या कोमांत्री इथल्या कोळशाच्या खाणीत १८८० साली त्याचे जीवाश्म मिळाले, १८८५ मध्ये फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ शार्ल ब्रोन्यारने त्याला नाव दिलं. आपल्या चतुराचा हा लांबचा पूर्वज-भाऊ, तीस कोटी वर्षांपूर्वीचा. पंखांचा पसारा ६५ सेंटिमीटरच्या घरात. त्या काळी हवेत ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास होता असं गणिती प्रतिमानं सांगतात, आज तो २१ टक्के आहे. तुमची ‘ऑक्सिजन भरपूर’ ही ओळ इथूनच आली असणार.

ती ओळ खोडा.

पहिलं कारण आगीचं. ऑक्सिजन ३५ टक्क्यांच्या पुढे गेला की ओलं जंगलही पेटायला लागतं, आणि तुम्हाला तर झाडं हवीत. दुसरं कारण असं की ऑक्सिजन कोणाला उचलून धरत नाही. पंखाला टेकू मिळतो तो हवेच्या घनतेचा, मग त्या हवेत नायट्रोजन असो नाहीतर आणखी काही. मेगॅन्यूराच्या आकाराला ऑक्सिजनने हातभार लावला असेल, पण आकाशात त्याला पकडणारं दुसरं कोणी नव्हतं हेही तितकंच मोठं कारण. २०१२ साली जीवाश्मातल्या हजारो पंखांची मापं घेऊन एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत कीटकांचा आकार ऑक्सिजनच्या मागोमाग चालला होता. पक्षी आले आणि ती जोडी फुटली, ऑक्सिजन वाढला तरी कीटक लहानच राहिले.

तेव्हा हवा दाट करा. याची दोन टोकं आपल्याच सूर्यमालेत आहेत. मंगळावर हवेची घनता पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे पहिल्यांदा उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या नासाच्या छोट्या हेलिकॉप्टरचं वजन १.८ किलो होतं. तेवढ्यासाठी १.२ मीटरचे रोटर मिनिटाला सुमारे २,४०० फेरे फिरवावे लागत. दुसरं टोक शनीचा चंद्र टायटन. तिथली हवा आपल्यापेक्षा चौपटीहून दाट आणि गुरुत्व एक सप्तमांश. तिकडे जाणाऱ्या नासाच्या आठ रोटरांच्या यानाचं नावच ‘ड्रॅगनफ्लाय’, म्हणजे चतुर. ते २०२८ मध्ये निघायचं आहे. टायटनवर माणसाने हाताला पंख बांधले तर तोही उडेल, असं गणित सांगतं. फक्त तिथे उणे १७९ अंश सेल्सियस तापमान असतं, त्यामुळे उडायचा उत्साह कितपत टिकेल ते सांगता येत नाही.

तुमचा ग्रह या दोघांच्या मधला, पण उबदार ठेवू. वस्तुमान पृथ्वीच्या निम्मं, त्रिज्या ०.८४ पट. म्हणजे पृष्ठभागावर गुरुत्व आपल्या ०.७ पट. ग्रहावरून निसटायचा वेग सेकंदाला ८.६ किलोमीटर येतो. पृथ्वीचा ११.२ आणि मंगळाचा ५ आहे, म्हणजे हा ग्रह दाट हवा धरून ठेवू शकेल. हवेचा दाब पृथ्वीच्या चौपट घ्या. तिच्यात ऑक्सिजन १२ टक्के, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. तारा आपल्या सूर्यापेक्षा थोडा लहान, नारिंगीसर असू द्या. असे तारे जास्त वर्षं जगतात, उत्क्रांतीला वेळ मिळतो. ताऱ्यावर याहून जास्त पानं खर्च करू नका.

आता गणित. त्या जमातीला मी तात्पुरतं ‘भिंगऱ्या’ म्हणतो, नाव तुम्ही नंतर ठेवा. एका भिंगरीचं वजन २० किलो आणि पंखांचा पसारा ३ मीटर धरू. हवेत एका जागी तरंगायला लागणारी किमान शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते आणि घनतेच्या वर्गमुळाने कमी होते. पृथ्वीवर या प्राण्याला नुसती हवा खाली ढकलायलाच ८०० वॉट लागतील. तुमच्या ग्रहावर २४० वॉट, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून कमी. पंखाचं घर्षण आणि बाकीची गळती धरून हा आकडा पावणेदोनपट करा, ४२० वॉट झाले. शरीराचा चौथा हिस्सा, म्हणजे ५ किलो, उड्डाणाचे स्नायू असले आणि दर किलोमागे १०० वॉट निघाले, तर ५०० वॉट हाताशी आहेत. जमतं, पण काठावर. एखादी पोटुशी भिंगरी किंवा ओझं घेतलेली भिंगरी जागच्या जागी तरंगू शकणार नाही, तिला कड्यावरून झेप घ्यावी लागेल. वस्त्या कड्यांवर का, याचं उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं.

माणसाएवढी साठ किलोची भिंगरी कागदावर बसवता येते, पण मग पंखांचा पसारा सव्वाचार मीटर होतो आणि राखीव शक्ती काहीच उरत नाही. वीस किलोवरच थांबा. उंची हवी असेल तर पाय लांब करा, वाचकाला वजन कुठे दिसतंय?

एक बारीक गोष्ट. तीन मीटर पसाऱ्याचा पंख सेकंदाला दोन-तीनदाच हलेल. मधमाशीचा २३० वेळा हलतो, म्हणून ती गुणगुणते. तुमच्या पहिल्या प्रकरणात आकाशातून ‘गुंजारव’ येतो, तिथे ‘फडफड’ लिहा, किंवा शिडात वारा भरल्यासारखा आवाज.

कमी गुरुत्वाचा आणखी एक फायदा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. तिथली हवा वर जाताना सावकाश विरळ होते. आपल्याकडे दर साडेआठ किलोमीटरला दाब साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो, तिथे त्यासाठी बारा किलोमीटर चढावं लागेल. समुद्रसपाटीपासून सोळा किलोमीटर वर त्यांना आपल्या किनाऱ्यावरची हवा मिळते. म्हणजे कुठलीही डोंगररांग ही त्यांच्यासाठी भिंत नाही. आपल्याकडे डोंगर आणि दऱ्या माणसांना आणि भाषांना वेगळं ठेवतात. तिथे वेगळं ठेवेल तो वारा. दिशा धरून वाहणारे वारे आडवे आले की परत येणं महाग. एका वाऱ्याच्या पट्ट्यातली भाषा दुसऱ्या पट्ट्यात कळणार नाही. आपला साधा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसन्स, पावसाळ्यानंतर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो, तो वाऱ्याच्या आधारानेच. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये ही साखळी मांडली. एवढासा जीव समुद्र पार करतो आणि परतीची वाट त्याची पुढची पिढी धरते. भिंगऱ्यांच्या इतिहासात असं एखादं पिढ्यान्‌पिढ्यांचं स्थलांतर नक्की घाला.

आता श्वास. बहुतेक सगळ्या कथा इथे फसतात. कीटकाला फुप्फुसं नसतात. अंगावर छिद्रं, तिथून आत जाणाऱ्या बारीक नळ्या, आणि नळ्यांतून ऑक्सिजन बराचसा आपला आपण पसरत पेशींपर्यंत जातो. लेखक म्हणतात, दाट हवेत ऑक्सिजनचा दाब जास्त, मग नळ्या छान चालतील. तुमच्या ग्रहावर ऑक्सिजनचा स्वतंत्र दाब आपल्या दुपटीहून थोडा जास्त आहे हे खरं. पण हवा चौपट दाट झाली की वायू एकमेकांतून पसरण्याचा वेगही एक चतुर्थांश होतो. दोन्ही गुणलेत तर हिशेब येऊन थांबतो तो फक्त टक्केवारीवर. १२ टक्के म्हणजे आपल्याकडच्या कीटकांच्या नळ्यांतल्या पुरवठ्याच्या जेमतेम ५७ टक्के. दाट हवा पंखाला मदत करते आणि नळीची वाट अडवते. मला स्वतःला हे कळलं ते एका विद्यार्थ्याने वर्गात अडवल्यावर. तोवर मीही बिनदिक्कत उलटं सांगत होतो.

तेव्हा भिंगऱ्यांना हवा पंपाने ओढावी लागेल. याची सुरुवात पृथ्वीवरच झाली आहे. टोळ उडताना पोट आकुंचन-प्रसरण करत हवा ओढतो, छातीवरच्या छिद्रांतून आत घेतो आणि पोटाकडच्या छिद्रांतून बाहेर सोडतो. त्याच्या अंगात हवेच्या पिशव्याही असतात. हीच रचना मोठी करा, हवा एकाच दिशेने वाहती ठेवा, आणि पुढचं काम रक्ताकडे द्या. कीटकांचं रक्त सहसा ऑक्सिजन वाहत नाही. पण विंचू, कोळी आणि खेकड्यांच्या रक्तात तांब्याचं निळसर रंगद्रव्य असतं, ते हे काम करतं. नळीतून बाहेर पडून पेशींच्या ओलाव्यात शिरताना मात्र ऑक्सिजनचा तो दुप्पट दाब उपयोगी पडतो, म्हणून पिशव्यांच्या भिंतीपाशी रक्त भरायला अडचण नाही. थोडक्यात, भिंगरी छातीने श्वास घेते, पोटाने सोडते आणि तिचं रक्त निळं आहे. बोलते तीही पोटाकडच्या छिद्रांतून. तेव्हा समोरासमोर बोलताना ती तोंड वळवणार नाही, अंग वळवेल.

उत्क्रांतीच्या गोष्टीत शरीराबाहेरचा सांगाडा हा कळीचा मुद्दा. कवच वाढत नाही, म्हणून कात टाकावी लागते. जुनं कवच सुटलं की काही तास प्राणी मऊ लगद्यासारखा असतो. जमिनीवर वीस किलोचा लगदा स्वतःच्याच वजनाने बसकण मारेल. नारळी खेकडा हा जमिनीवरचा सगळ्यात मोठा संधिपाद (सांध्यांचे पाय आणि बाहेर कवच असलेला प्राणी), चार किलोच्या आसपास, आणि तोसुद्धा कात टाकताना आठवडेच्या आठवडे बिळात लपून राहतो. समुद्रातल्या जपानी स्पायडर क्रॅबचे पाय मात्र पावणेचार मीटर पसरतात, कारण पाणी वजन पेलतं.

मग भिंगऱ्यांनी वाढावं कुठे? पाण्यात. चतुर हेच करतो. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात, शिकार करतात, दहा-बारा वेळा कात टाकतात, आणि शेवटची कात टाकायला काडी धरून बाहेर येतात. पंख फुटल्यावर पुन्हा कात नाही. पृथ्वीवर पंख आल्यावरही एकदा कात टाकणारे कीटक म्हणजे फक्त मेफ्लाय, पाण्याकाठचे अल्पायुषी कीटक. तुमची भिंगरी दहा-बारा वर्षं पाण्यात राहू द्या. अंडं, पिल्लू, पोरवय सगळं तिथेच. मग एक रात्र येते.

ती रात्र मी तळ्याकाठी बॅटरी हातात धरून कित्येकदा पाहिली आहे. पिल्लू काठावरच्या पातीवर चढतं, पाठ उलते, आतून फिकट, ओला, सुरकुतलेला जीव उलटा लटकत बाहेर येतो. थोडा वेळ तसाच मेल्यासारखा. मग पोट आत काढून तो पंखांत द्रव भरायला लागतो आणि चुरगाळलेल्या कागदासारखे पंख ताणत ताणत काचेसारखे होतात. पहाटेपर्यंत त्याला उडता येत नाही, पळता येत नाही. मुंग्या, बेडूक, साळुंकी, कोणीही यावं आणि न्यावं. एकदा निम्मे पंख उघडलेला एक चतुर मुंगळ्यांनी माझ्यासमोर ओढून नेला. विद्यार्थी म्हणाले, सर सोडवू या. सोडवला, पण पंख वाकडेच वाळले.

वीस किलोच्या प्राण्यात ही रात्र तीन-चार दिवसांची होईल, आणि एकट्याने ती निभणार नाही. कोणीतरी पहारा द्यायला हवा, कोणीतरी वरून धरायला हवं, पंख ताणले जाईपर्यंत वारा अडवायला हवा. माझ्या मते या जमातीत समाज जन्मला तो इथे. पोळ्यातली राणी आणि कामकरी ही कल्पना आता इतकी वापरून झाली आहे की ती सोडूनच द्या. काठावर राखण करणाऱ्यांपासून सुरुवात करा. राखण करणारी टोळी जास्त पोरं जगवते, राखणीसाठी खुणा लागतात, खुणांतून भाषा येते. तुम्ही सहाव्या प्रकरणात घातलेला राज्याभिषेक मला रंगला नाही. तिथे एका पोरीची ही शेवटची कात लिहा.

पंख मुळात आले कुठून, यावर अजून वाद आहे. छातीच्या कडेची पाळी वाढून, की पायाच्या बुंध्यावरच्या कल्ल्यासारख्या भागातून, की दोन्ही मिळून. तुम्ही कल्ल्यांची बाजू घ्या. पाण्यात श्वासासाठी हलणाऱ्या पाकळ्या, उथळ पाण्यावर त्याच शिडासारख्या उभ्या करणारे पूर्वज, मग दाट हवेत लांब उड्या, मग उड्डाण. दाट हवेत अर्धवट पंखाचाही उपयोग होतो, त्यामुळे तिथे हे लवकर घडेल. आणि आकाशात दुसरं कोणी येऊ देऊ नका. पृथ्वीवर कीटक पहिल्यांदा उडाले ते सव्वाबत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. टेरोसॉर, म्हणजे उडणारे प्राचीन सरीसृप, आकाशात यायला त्यानंतर जवळपास दहा कोटी वर्षं गेली. तुमच्या ग्रहावर कणा असलेले प्राणी समुद्रातच राहिले, एवढं एक वाक्य पुरे.

सहा पायांपैकी पुढचे दोन हात होतील, त्यावर फार विचार नको. मेंदूचीही काळजी नको. मधमाशीचा मेंदू सुमारे दहा लाख चेतापेशींचा, तरी ती नाचून फुलांची दिशा सांगते. ते उकलणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. वीस किलोच्या अंगात यापेक्षा हजारो पटींनी मोठा मेंदू आरामात बसतो. तुम्ही विचारलंत की सुरवंट, कोष, फुलपाखरू असं रूपांतर घेतलं तर आधीच्या आठवणी राहतील का. काही राहू शकतात. २००८ साली तंबाखूवरच्या हॉर्नवर्म पतंगावर प्रयोग झाला. सुरवंट असताना एका वासाची भीती शिकवली, ती कोषातून बाहेर आलेल्या पतंगाला आठवत होती. तरी मी चतुराचीच वाट घेईन. कोष म्हणजे एक पडदा, चतुराच्या वाटेत सगळं डोळ्यांसमोर होतं.

पंखांची झीज मात्र विसरू नका. कीटकाचा पंख पुन्हा वाढत नाही, फाटला तो फाटला. म्हाताऱ्या मधमाशीच्या पंखांच्या कडा झिजून झालर झालेली असते. भिंगऱ्यांच्या वस्तीत वय पंखांच्या कडेवर वाचता येईल आणि पन्नाशीनंतर सगळे पायी चालतील. काठावर राखण कोण करतं, हे आता वेगळं सांगायला नको. चिकट रस लावून पंखाला ठिगळ देणारे कारागीर असतील, आणि त्यांच्यापुढे रांगा.

आकाशाबद्दल एक दुरुस्ती. तिथे डोक्यावर आपल्यापेक्षा पावणेसहापट हवेचा थर आहे. निळा-जांभळा प्रकाश इतका विखुरतो की आकाश दुधी दिसेल आणि सूर्य भरदुपारीही तांबूस. मधमाशी आकाशातल्या ध्रुवीभूत (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून दिशा ओळखते, तो नकाशा इथे पार पुसट होईल. भिंगऱ्यांना वास आणि ग्रहाचं चुंबकत्व यांवर दिशा शोधू द्या. तुमच्या नायिकेचं ‘ताऱ्यांकडे पाहत वाट काढणं’ बारा-तेरा किलोमीटर वर चढल्यावरच शक्य आहे. ते तसंच लिहा, जास्त चांगलं होईल.

आणि आग. १२ टक्के ऑक्सिजनमध्ये उघड्यावर लाकूड पेटून राहणं फार कठीण. आपल्याकडे काही अभिलेखागारांत कागद पेटू नयेत म्हणून ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या आसपास आणून ठेवतात. म्हणजे या जमातीला श्वासाला ऑक्सिजन आहे, पण चूल नाही, भट्टी नाही, लोखंड नाही. मेण, रेशीम, लाखेसारखे रस, चघळून केलेला कागद, ठोकून घडवलेलं तांबं यांवर त्यांची संस्कृती उभी राहील. पण मग ते अवकाशात कसे पोहोचतात, हा तुमच्या कथेतला खरा खड्डा आहे. मी सुचवतो ते असं: समुद्री केल्पसारख्या शेवाळाला हवेचे फुगे असतात आणि दिवसा त्यांतला ऑक्सिजन वाढतो. तुमच्या ग्रहावर असे फुगे डोक्याएवढे करा. बंद कपारीत असे शेकडो फुगे फोडून कोणीतरी पहिली ज्योत धरली. ती ज्योत कपारीबाहेर आली की विझते. त्यांच्यासाठी आग ही घराच्या आत, झाकून ठेवायची वस्तू झाली.

शेवटच्या भागात ते पृथ्वीवर उतरतात. चार वातावरणांच्या दाबातून एकावर यायला पाणबुड्यांसारखा दिवस-दीड दिवस लागेल, घाई केली तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतील. ऑक्सिजनचा दाब निम्म्याहून कमी, म्हणून चालतानाही धाप. पंख पसरले तरी त्यांना पेलेल इतकी दाट हवाच नाही, गुरुत्व वर आणखी ओढतंय. त्यांची तरणी पोरं इथे म्हाताऱ्यांसारखी पायी चालतील. आणि विमानतळावरचं स्वागत काढून टाका. त्याऐवजी कोणीतरी त्यांच्यासमोर, उघड्यावर, वाऱ्यात, काडी ओढून शेगडी पेटवू दे.